गळ्यावरचा नंबर

त्यांच्या फाटकातून आत जायचं असेल तर आधी आपली गाडी त्यांच्यासमोर उभी करावी लागे. मग ते उकिडवे बसत, खिशातून बटरपेपरचा तुकडा आणि बोथट पेन्सिल काढत, हँडलखाली गाडीच्या गळ्यावर जिथे कारखान्यात नंबर ठोकलेला असतो तिथे कागद दाबून धरत आणि वरून पेन्सिल घासत. नंबर उमटला की कागद उजेडात धरून पाहत, मागे तुमचं नाव लिहीत आणि मगच "या" म्हणत. गाडी नावावर करताना असा छाप घ्यावा लागतो, हे जुन्या गाड्यांच्या नादी लागलेल्या कुणालाही ठाऊक असतं. पण गाड्या बघायला आणि चहा प्यायला आलेल्या पाहुण्याच्या गाडीचा छाप घेणारा दुसरा माणूस मी तरी पाहिला नाही.

अमरावती आणि अकोला मिळून आम्ही वीस-बावीस जण होतो. कुणाकडे राजदूत, कुणाकडे लॅम्ब्रेटा, अकोल्याच्या एका वकिलांकडे साइडकारची बुलेट, जिच्यात ते आपला कुत्रा बसवून आणत. बाई मी एकटीच. महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी सगळे डॉक्टरसाहेबांकडे जमायचे, कारण एवढ्या गाड्या मावतील अशी टिनाची शेड त्यांच्याकडेच होती, बडनेरा रोडला, घरामागे. डॉक्टरसाहेब खरे डॉक्टर नव्हते. जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून त्यांची नोकरी झाली, त्यातली बरीच मेळघाटात, सेमाडोहकडे. ज्याच्या हातात इंजेक्शन तो डॉक्टर, असा आपल्याकडचा हिशेब आहे. आता तिथे कुणी जमत नाही. का जमत नाही ते आमच्या ग्रुपवर माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही. वकिलांना संशय आहे की शेवटी पोलिस मागे लागले असावेत.

त्यांच्या स्वतःच्या नऊ गाड्या होत्या, नऊच्या नऊ येझदी. पुसून लख्ख केलेल्या, एका रांगेत. त्यातली एकही सुरू करून पाहायची सोय नव्हती. पाहुणे यायच्या आधी ते प्रत्येक गाडीचा प्लग काढून खिशात टाकत. नऊ प्लगांनी त्यांच्या शर्टाचा खिसा खाली ओढलेला असे, आणि ते वाकले की आतून खुळखुळ ऐकू येई. कुणी म्हणालं, साहेब, एकदा आवाज तरी ऐकवा, तर ते हसत आणि खिशावर हात ठेवत.

दूध दोन गवळ्यांकडून घेत आणि रोज सकाळी दोन्ही वाट्या शेजारी ठेवून बघत. खुर्ची नेहमी दाराकडे तोंड करून. चहाचे स्टीलचे गिलास जेवढे बाहेर आले तेवढे आत गेल्याशिवाय त्यांचं बोलण्यात लक्ष नसे. त्यांना काहीही सांगितलं तरी उत्तर एकच: "असंन. पाहून घेऊ." एका रविवारी वकील कुत्र्याशिवाय आले. साइडकार रिकामी. कुत्रा गेला म्हणाले. डॉक्टरसाहेब म्हणाले, "असंन. पाहून घेऊ." सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. आपण काय बोललो ते त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण मग त्यांनी वकिलांना दोनदा चहा दिला.

मला त्यांच्याबद्दल पहिल्यापासून खटकत होतं ते वेगळंच. नाद असलेला माणूस गाडी बघतो तेव्हा सगळी बघतो. इंजिन ऐकतो, टाकीवरून हात फिरवतो, कार्बोरेटर कुठे मिळाला विचारतो आणि दुसऱ्याने उत्तर द्यायच्या आत आपला कुठे मिळाला ते सांगतो. हे फक्त गळा बघत. छाप घेऊन झाला की त्या गाडीतला त्यांचा जीव संपला. कुणी नागपूरहून मूळ दिवा आणल्याची कथा रंगवून सांगत असे आणि यांचं लक्ष फाटकाकडे, आता कोण येतंय याच्याकडे. वकिलांचं ठाम मत होतं की हे नंबर गोळा करून चोरीच्या गाड्यांवर ठोकतात. आणखी कुणी म्हणे पोलिसांचे खबरी आहेत. मी ग्रामीण रुग्णालयात औषधनिर्माता आहे, दिवसभर बाटल्यांवरच्या तारखा वाचण्यात माझा जन्म चालला आहे. विश्वास ठेवणं मला फारसं जमत नाही, म्हणून वकिलांचं मत मला पटलं होतं.

आणि मला घाबरायला कारणही होतं.

माझी येझदी बाबांची. बाबा मोर्शीला हायस्कूलमध्ये मास्तर होते. ते गेल्यावर गाडी चार वर्षं पोत्यांखाली पडून होती. ती मी अमरावतीला आणून दुरुस्तीला टाकली. रंग खरवडताना मिस्त्रीने गळ्यावरचा नंबर वाचला, गाडीच्या आरसी पुस्तकातला नंबर वाचला, आणि मला बाजूला बोलावून हळूच सांगितलं की मॅडम, हे दोन एक नाहीत. पुस्तक दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचं होतं. मी तो नंबर एकदाच पाहिला आणि तो डोक्यात बसला. मग मिस्त्रीला म्हटलं, रंग जाड मार.

त्या रात्री मला एक जुनी गोष्ट आठवली. बाबा त्या गाडीवर सगळीकडे जात. अमरावती, वरूड, चांदूर बाजार, लग्नाला, मयतीला, परीक्षेचे पेपर आणायला. परतवाड्याला मात्र एसटीने जात. लहानपणी मी विचारलं होतं, तर म्हणाले, तिकडचा रस्ता खराब आहे. मला ते तेव्हा पटलं होतं. आता त्याच रस्त्यावरून येणाऱ्याजाणाऱ्या शेकडो मोटारसायकलींची रांग डोळ्यासमोर यायला लागली. आमचे बाबा, जे वर्गात एक खडू पोराने खिशात घातला तर त्याला सगळ्यांसमोर परत ठेवायला लावत, त्यांनी चोरीची गाडी वीस वर्षं चालवली असेल का, हा प्रश्न एकदा पडला की परत गिळता येत नाही.

पहिल्या रविवारी मी येझदीवरच गेले होते, छाप घेतात ते ठाऊक नव्हतं. त्यांनी कागद लावला, पेन्सिल घासली, काहीच उमटलं नाही. पुन्हा घासली. मग मान वर करून माझ्याकडे पाहत म्हणाले की मॅडम, रंग लय जाड देला. त्या दिवशी त्यांनी मला आत सोडलं, पण पुढे सगळा वेळ त्यांची खुर्ची दाराकडे नव्हती, माझ्याकडे होती. त्यानंतर मी स्कूटरवर जाऊ लागले. दर महिन्याला ते विचारत, येझदी कावून नाई आणली. मी सांगे, क्लच प्लेट गेली. पुढच्या महिन्यात, साखळी. त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा क्लच प्लेट. "असंन. पाहून घेऊ," ते म्हणत.

आणि खरोखरच पाहायला आले. एका बुधवारी आमच्या खिडकीसमोरच्या रांगेत डॉक्टरसाहेब, हातात खोकल्याची चिठ्ठी. बडनेरा रोडवरून बावीस किलोमीटर खोकत आले होते म्हणे. मी सिरप दिलं. दहा मिनिटांनी काही आणायला बाहेर गेले तर ते गाडीतळावर माझ्या येझदीसमोर उकिडवे, अंगठ्याच्या नखाने गळ्यावरचा रंग खरवडत होते. मी विचारलं की हे काय करून राहिले तुमी. ते उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, धूळ होती. सिरपची बाटली तिथेच सीटवर विसरून गेले.

मी चिडले. चोर तर चोर, वर शिरजोर. महिन्याच्या शेवटच्या रविवारी सगळ्यांसमोर यांची पेन्सिल बाहेर काढायची असं ठरवलं, पण त्याला अजून तीन आठवडे होते. तेवढा धीर निघेना, म्हणून मी त्याच शनिवारी त्यांच्या घरी धडकले. ते नव्हते. काकू होत्या, त्यांची बायको. बारीक, ताठ, बोलताना पदराचं टोक बोटाला गुंडाळणाऱ्या. त्यांनी मला बैठकीत बसवलं, बुद्धाच्या मूर्तीसमोरची फुलं बदलली, चहा टाकला. मी म्हटलं, काकू, साहेब माझ्या गाडीच्या मागे का लागलेत? त्यांनी चहा गाळून गिलास माझ्यापुढे ठेवला.

"बाई, ह्या नऊ गाड्या म्हनजे नुसता चारा हाय," त्या म्हणाल्या. "त्यायले पकडाची ते एकच हाय."

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. तीसेक वर्षांपूर्वी हे परतवाड्याला राहत होते. साहेबांची पहिली गाडी येझदी, नवी कोरी. मागे लसीची पेटी बांधून जंगलातल्या गावांना जात. काकूंचा धाकटा भाऊ तेव्हा नोकरी शोधायला यांच्याकडे येऊन राहिला होता. एका सकाळी त्याने गाडी मागितली, यांनी दिली नाही. संध्याकाळी गाडी बस स्टँडसमोरून चोरीला गेली. कुलूप तुटलं नव्हतं. दुसरी चावी घरात खुंटीला होती आणि भाऊ घरातच होता. साहेबांनी पोलिसांत त्याचं नाव दिलं नाही, पण मनात पक्कं धरलं. पुढच्याच महिन्यात अकोल्याला, काकूंच्या माहेरी, त्या भावाच्या सोयरिकीची बैठक होती, मुलीकडची माणसं आलेली. तिथे साहेब उभे राहून म्हणाले की पोरगी देतांनी पाहून द्या, पोरगा हाताचा साफ नाही. सोयरीक मोडली. भावाने त्यांच्या पायांवर हात ठेवून शपथ घेतली होती. यांनी पाय मागे घेतला होता.

"तवापासून अकोला बंद," काकू म्हणाल्या. "माय मेली तवा बी नाई गेली मी. मी म्हटलं, जाईन तं दोघं जाऊ. हे म्हनतात, गाडी सापडू दे. ज्यानं इकली त्याचं नाव पाहीन. तुया भाऊ निंगला तं मी खरा, नाई निंगला तं त्याचे पाय धरीन. पन पुरावा पायजे."

म्हणून छाप. जुन्या गाड्यांचा नाद असलेली माणसं जमवायची, त्यांना शेड द्यायची, चहा द्यायचा, म्हणजे वऱ्हाडातली प्रत्येक जुनी येझदी कधी ना कधी आपल्या फाटकाशी येईल. नऊ गाड्या त्यासाठीच घेतल्या, की येझदीवाल्यांना इकडे यावंसं वाटावं. मी विचारलं, काकू, त्या गाडीचा नंबर आहे का तुमच्याकडे? त्या हसल्या. म्हणाल्या, माणूस तीस वर्षं झोपेत एकच नंबर बडबडतो, तो मला पाठ नसेल का. आणि पाढा म्हणावा तसा त्यांनी तो म्हणून दाखवला.

तो माझ्या गाडीचा नंबर होता.

मी चहा संपवला, गिलास स्वतः आत नेऊन ठेवला आणि घरी आले. त्यांना काही सांगितलं नाही. हे लिहायला मला आजही लाज वाटते, पण मी तीन आठवडे काही सांगितलं नाही.

घरी बाबांची लोखंडी पेटी होती. कागदाशिवाय बाबा भाजीसुद्धा घेत नसत, त्यामुळे पावती असणार हे मला माहीत होतं, आणि म्हणूनच मी ती पेटी कधी उघडली नव्हती. पावती होती. परतवाड्याच्या एका गॅरेजवाल्या मिस्त्रीने जुन्या भागांतून जोडलेली येझदी बाबांना विकली होती, खाली त्याचं पूर्ण नाव आणि सही. मजकूर बाबांच्या अक्षरात, शाळेच्या सूचनेसारखा मुद्दे घालून. तिसरा मुद्दा असा होता: गाडी शक्यतो परतवाडा येथे आणू नये, असे विक्रेत्याने तोंडी सांगितले आहे.

मी ते वाक्य किती वेळा वाचलं त्याला गणती नाही. मला बाबांचा राग आला, इतका की त्यांचा फोटो मी भिंतीकडे तोंड करून ठेवला. त्यांना कळलं होतं. त्यांनी ते लिहून ठेवलं, सही घेतली, आणि आयुष्यभर परतवाड्याला एसटीने गेले. हा कागद बाहेर काढला तर मोर्शीत ज्यांना अजून लोक सर म्हणून आठवतात त्यांचं काय राहणार होतं? आणि नाही काढला तर अकोल्याचा एक माणूस चोरच राहणार होता.

महिन्याच्या त्या शेवटच्या रविवारी मी गेले ते ठरवून नव्हे, न जाण्याचं कारण सुचलं नाही म्हणून. साहेब फाटकाशी उकिडवे बसून छाप घेत होते. त्या दिवशी पहिल्यांदा माझं लक्ष काकूंकडे गेलं. त्या चहाचा ट्रे घेऊन ओट्यावर उभ्या होत्या. साहेबांनी कागद उजेडात धरला की त्या थांबत, त्यांच्या चेहऱ्याकडे बघत, आणि कागद खिशात गेला की पुन्हा चालू लागत. अशा किती गाड्या, किती रविवार त्यांनी बघितले असतील. मी चहा न घेताच निघाले.

दुसऱ्या दिवशी मी गळ्यावरचा रंग काढला, छाप घेतला आणि येझदीवर बसून त्यांच्या घरी गेले. पावती पर्समध्ये होती. गाडी मोर्शीच्या माझ्या मास्तर बाबांची, असं सांगून छाप त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो पाहिला, पाकिटातून प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला एक पिवळा पडलेला छाप काढला, दोन्ही शेजारी ठेवले. आकडे एकाखाली एक बसले. मला वाटलं, आता हा माणूस रडेल.

"हे कोनी करून देल्लं तुले?" ते म्हणाले. मॅडमवरून एकदम तुले. मग दारात उभ्या असलेल्या काकूंकडे बोट केलं. "या बाईनं सांगतला नंबर? नंबर ठोकाचे खिळे कोन्याही हार्डवेअरच्या दुकानात भेटतात."

  मी माझ्या मेलेल्या बापाला उघड्यावर आणून उभं केलं होतं आणि हा माणूस मला खिळ्यांचं सांगत होता. मी म्हटलं, चला बाहेर, स्वतः घासा.

त्यांनी घासलं. तीनदा. तिसऱ्या वेळी कागद न लावता नुसतं बोट फिरवलं. मग गाडीच्या मागे गेले आणि मडगार्डच्या आतून हात घालून काहीतरी चाचपत राहिले. तिथे दोन भोकं आहेत, मला माहीत होतं, आतून शिशाने बुजवलेली. मला वाटे बाबांनी कधी काही बांधायला पाडली असतील. साहेबांचा हात तिथेच थांबला. लसीची पेटी हलू नये म्हणून ती त्यांनी स्वतः पाडली होती, सेमाडोहच्या दवाखान्यात, गुरांच्या शिंगांना वापरायच्या हत्याराने.

मग मी पावती दिली. वाचत वाचत ते विकणाऱ्याच्या नावापर्यंत आले आणि जमिनीवरच बसले. परतवाड्याच्या त्या मिस्त्रीकडे गाडीची सर्व्हिसिंग असायची, चावी त्याच्याकडेच टाकून हे ऑफिसला जात. गाडी गेल्यावर दोन महिने तोच उसन्या गाडीवर यांच्या मागे बसून गावोगाव शोधायला फिरला होता.

"कुलूप तुटलं नाई साहेब, घरातलाच मानूस पाहा, असं त्यानंच म्हटलं मले," ते म्हणाले. "अन मी त्याले चहा पाजत होतो."

नंतर त्यांनी तिसरा मुद्दा वाचला. दोनदा वाचला, बोट ठेवून. मी मान खाली घालून उभी राहिले. त्यांच्या तोंडून जे येईल ते ऐकून घ्यायचं असं मी ठरवलं होतं.

"मास्तर इमानदार होते," ते शेवटी म्हणाले. "खोटं लिहिता नाई आलं त्यायले."

मी रडले, हे सांगायला हरकत नाही. गाडी तुमची आहे, ठेवून घ्या, असंही म्हटलं. ते म्हणाले, पाहून घेऊ. काकूंनी एवढंच विचारलं की कवा जाचं.

रविवारी गेलो. शेड तेव्हापासून बंद, ग्रुपवर कारण दिलं नाही. साहेब आणि काकू माझ्या येझदीवर, म्हणजे त्यांच्या. माझ्यासाठी त्यांनी नवांतली एक गाडी बाहेर काढली, खिशातला एक प्लग निवडून स्वतःच्या हाताने बसवला आणि चावी माझ्याकडे दिली. मूर्तिजापूरला चहाला थांबलो तेव्हा ते टपरीवरून तीनदा उठून येझदी बघून आले. काकूंनी वाटेत एक शब्द काढला नाही.

अकोल्याला भावाचं घर अरुंद गल्लीत होतं. तो बनियनवर बाहेर आला, केस पांढरे, हातात पाण्याची बादली. बहिणीला त्याने लगेच ओळखलं, पण बादली खाली ठेवायचं त्याला सुचलं नाही. साहेब पुढे झाले आणि वयाने लहान असलेल्या त्या माणसाच्या पायांवर वाकले. खिशातले आठ प्लग रस्त्यावर सांडले. भावाने पाय मागे घेतला, मग पुन्हा होता तिथे ठेवला. कुणी प्लग उचलले नाहीत. त्याने गाडीकडे पाहिलं, गळ्यापासून मागच्या मडगार्डपर्यंत, सावकाश.

"जवाईबापू, गाडी आंगनात घ्या," तो म्हणाला. "रस्त्यावर नका ठेवू. जाईन कोनी घेऊन."

हे त्याने माफ करून म्हटलं की टोचून, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. साहेबांनी हातातल्या चावीकडे पाहिलं, ती परत गाडीला लावली, म्हणाले, "राहू द्या," आणि आत गेले. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. काकू त्यांच्या मागून गेल्या आणि उंबरठ्यापासूनच त्यांचं बोलणं सुरू झालं ते थांबेचना.

मला दोनदा आत बोलावलं. मी येते म्हटलं आणि पायरीवर बसले. प्लग गोळा करून ओंजळीत घेतले. गल्लीतून माणसं जात होती, सायकलवाला, भाजीवाली, शाळेच्या कपड्यांतल्या मुली, आणि प्रत्येक जण जाताना त्या येझदीकडे एकदा बघत होता. चावी वाऱ्याने जराशी हलत होती. साधारण अर्धा तास मी बघत राहिले. मग उठले, चावी काढली आणि माझ्या खिशात टाकली.